भोपळ्याचा नकाशा

अनिबालनं एकेचाळीस वर्षं गाय वाचली
जशी काही माणसं पेपर वाचतात,
मागच्या पानापासून.
आसूल गावातल्या त्याच्या दुकानात
भिंतीवर एक गाय होती, रेघांनी वाटून दिलेली,
प्रत्येक वाट्याला एक आकडा.
तिच्याकडे न बघता तो गिऱ्हाइकाला सांगायचा,
सातव्याला मंद आच,
अकराव्याला नुसतं मीठ, बाकी तोंड बंद ठेवा.

मी डेलिया, त्याची बायको. गल्ल्यावर बसायचे.
नाण्यांचा आणि चरबीचा वास बोटांत रुतलेला,
लग्नातल्या अंगठीसारखा, निघता निघायचा नाही.

मार्चात डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला.
बराचसा लाल.
"भाजी खाता का?"
"खातो की. गाय खाते, मी गाय खातो."
त्या हसल्या नाहीत.
मला मात्र हसू फुटलं,
आणि जिना उतरेपर्यंत त्याचं रडू झालं.

त्या रविवारी आमच्या परसात निखारे पेटले नाहीत.
कुंपणावरून ओल्गानं विचारलं,
"कोण गेलं?"

मग मसूर.
पहिल्या दिवशी माझ्याकडून त्याचा चिखल झाला.
चौकीत जबानी द्यावी तसा जेवला तो,
विचारलं तेवढंच गिळत.
दोष त्याचा नव्हता, मसुराचाही नव्हता.
मीच त्यात धास्तीखेरीज काही घातलं नव्हतं.

आमचा नेस्तोर ट्रक चालवतो.
जिथं त्याच्या आजोबांची गुरं चरायची
तिथं आता क्षितिजापर्यंत सोयाबीन.
तो बंदरावर जातो, बंदरावरून जहाजात,
आणि जहाजातून म्हणे कुठल्या तरी थंड देशातल्या
डुकरांच्या पोटात.
"एवढा वाहतो मी," बशीतला मसूर चमच्यानं ढकलत तो म्हणाला,
"आणि त्यातला एक दाणा आपल्या ताटात नाही."
कुणी काही बोललं नाही.
अनिबालनं पाव मोडला, आणि त्याच्यापुढे ठेवला.

एप्रिलात ओल्गानं कुंपणावरून भोपळा दिला.
राखाडी, खरबरीत, चांगला दहा किलोचा.
(दहा किलो चारशे. त्यानं हातानंच तोलला.
मी काट्यावर ठेवून पाहिलं.)
कपाटातून सुऱ्या निघाल्या.
दुकान विकलं तेव्हा गाय, आकडे, काटे,
सगळं गेलं होतं; सुऱ्या तेवढ्या उरल्या होत्या.
त्यानं धार लावली. मला तो आवाज
किती दिवसांनी घरात माणूस आल्यासारखा वाटला.

भोपळ्यावर त्यानं टिचकी मारली, कान लावला.
मग अंगठा फिरवत राहिला, देठापासून बुडापर्यंत,
वरून खाली, खालून वर.
"काय शोधतोस?"
"सांधा," तो म्हणाला. "याला सांधाच नाही, डेलिया.
कुठून सुरू करायचं?"

साठी उलटलेला माणूस,
हातात सुरी,
आणि कुठून सुरू करायचं हे मला विचारत होता.

निखारे पेटले. फोडी सालासकट जाळीवर गेल्या.
मीठ त्यानं हात उंच धरून सोडलं, सवयीनं.
कडा काळ्या झाल्या, आत गर हलला, गोड वास सुटला,
आणि धूर कुंपण ओलांडून गेला.
"जिवंत आहात तर!" ओल्गा ओरडली.

संत झाला नाही तो. अजून महिन्यातून एकदा
मी अकरावा आकडा आणते, तळहाताएवढा.
पूर्वी त्यावर बोलत बोलत तीन संपवायचा.
आता एवढासा घास किती वेळ चावतो,
जणू ओळखीचं कुणीतरी स्टेशनवर भेटलंय
आणि गाडी सुटायला अवकाश आहे.

काल पाव गुंडाळायला कागद काढला तर
मागच्या बाजूला पेन्सिलीनं काढलेला भोपळा.
रेघांनी वाटलेला. एक: देठाजवळ, सूपाला.
दोन: पोट, निखाऱ्यावर. तीन: बिया, भाजून, नेस्तोरला ट्रकमध्ये.
चार: साल, ओल्गाच्या कोंबड्यांना.

पाचपुढे काहीच लिहिलेलं नाही.
नुसता आकडा,
आणि खोडलेल्याची खूण.